गल्लीचं सामान आमच्या दुसऱ्या मजल्यावर

पुराचं एक आहे. सामान ज्याचं त्याच्याकडं परत जातं, गोष्टी मात्र आमच्याकडंच राहतात. आमच्या घरात त्या इतक्या साठल्यात, की पावसाळ्यात चार माणसं चहाला बसली आणि कुणी नुसतं "आज कोयनेतनं किती सोडलंय?" म्हणून विचारलं, तरी पुरे. एकाची गोष्ट संपायच्या आत दुसऱ्याला दुसरी आठवलेली असते.

आमची गल्ली सांगलीत. नदीकडं आपण चालत गेलो तर जवळ, आणि नदी आपल्याकडं आली तर त्याहून जवळ. सगळी बैठी घरं. तीन मजली बिल्डिंग एकच, तिच्यात दुसऱ्या मजल्यावर आम्ही. मी डबे करून देते, त्यामुळं घरात मोठी पातेली. आमचे हे तासगावात एका बेदाणा व्यापाऱ्याकडं कामाला, त्यामुळं बेदाण्याचे रिकामे बॉक्स हवे तेवढे. आयर्विन पुलापाशी पाणी चढायला लागलं, की गल्लीतली माणसं रिकामे बॉक्स न्यायला येतात आणि भरलेले ठेवायला येतात. मग हॉल, पॅसेज, गॅलरी, कुठंच पाय ठेवायला जागा राहत नाही. स्वयंपाकघरात तेवढं मी कुणाला काही ठेवू देत नाही. म्हणजे, तसं म्हणते.

*

देसाईभाऊंपासून सुरुवात करते. समोरच्या घरात राहतात, स्वभावानं भारी काळजीवाले. दोन हजार एकोणीसच्या पुरात त्यांचा जुना फ्रिज गेला. पुढच्या वर्षी त्यांनी नवा डबल डोअरचा घेतला, आणि जुलै लागल्या लागल्या त्याचा बंदोबस्त करायचं ठरवलं. फ्रिज काही आमच्या जिन्यातनं वर येणार नव्हता. म्हणून त्यांनी लोखंडी कॉटच्या पायांखाली विटा लावल्या, कॉटवर फळी टाकली आणि तालमीतल्या चार पोरांना बोलावून फ्रिज त्यावर चढवला. पोरांनी नारळ उचलावा तसा उचलला.

त्या वर्षी पाणी गल्लीच्या तोंडाशीसुद्धा आलं नाही.

मग फ्रिज खाली घ्यायची वेळ आली, तर तालमीतली पोरं भरतीच्या ट्रेनिंगला साताऱ्याला गेलेली. देसाईभाऊंच्या कमरेत उसण. आज बघू, उद्या बघू करत गणपती गेले, दसरा गेला. देसाईंच्या आई उंचीनं माझ्या खांद्याएवढ्या. त्या रोज सकाळी स्टुलावर चढून दूध काढायच्या, आणि स्टुलावर चढूनच परत ठेवायच्या. पाहुण्यांना वाटायचं, यांच्याकडं पद्धतच असंल.

दिवाळसणाला नवे जावई आले. कोरेगावचे, चांगले उंचपुरे. पहिली दिवाळी, त्यामुळं उटणं, अभ्यंग, ओवाळणं, सगळं यथासांग झालं. जावई नवा ड्रेस घालून फराळाला बसले. आईंनी त्यांच्या पुढ्यात ताट ठेवलं आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "बापू, करंजी खावा सावकाश. आन झालं की तेवढा फ्रिज खाली घ्या."

जावयांनी घेतला बिचाऱ्यांनी. दोघं मेव्हणे पुण्याहून आलेले होते, त्यांना हाताशी धरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डब्यासाठी दही मागायला गेले. आई सवयीनं स्टुलावर चढलेल्या, आणि फ्रिजच्या डोक्यावरची धूळ बघत उभ्या होत्या.

*

शकीलभाईंचं दुकान आमच्या बिल्डिंगच्या बाजूलाच. गाद्या करतात. पुरात सगळ्यात वाईट हाल कापसाचे. लाकूड वाळतं, भांडं धुता येतं, पण भिजलेल्या कापसाचं काही होत नाही.

एकोणीसला पाणी वाढायला लागलं तेव्हा त्यांच्याकडं एका लग्नाची ऑर्डर तयार होऊन पडली होती. दोन मोठ्या गाद्या, लोड, उशा. मुलगी कवठे महांकाळची. लग्न दिवाळीनंतर, पण बापाला घाई, त्यानं आषाढातच करून ठेवायला सांगितलेलं. शकीलभाईंनी त्याला फोन केला, की पाणी यायला लागलंय, गाद्या वर हलवतोय, काळजी करू नका. तिकडून तो माणूस परत परत विचारत राहिला, की कसलं पाणी? त्यांच्याकडं तेव्हा टँकर चालू होते. एका जिल्ह्यात एकाकडं प्यायला नाही आणि दुसऱ्याकडं गादी बुडायला लागली, हे त्याच्या डोक्यात बसायलाच वेळ लागला.

शकीलभाईंनी पहिल्यांदा त्या गाद्या वर आणल्या, मग पिंजायच्या मशीनची मोटर, आणि मग घरचं सामान. घरचं निम्मं खालीच राहिलं. गाद्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून आमच्या हॉलमध्ये भिंतीला लावून ठेवल्या आणि सगळ्यांना सांगितलं, की ही अमानत आहे, टेकायचंसुद्धा नाही.

त्यांची अम्मी म्हातारी, पाठीनं अधू. माझ्या घरातल्या गाद्या कधीच्या वाटून संपल्या होत्या. अम्मी दिवसभर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून राहिल्या. फरशी ओली, थंडगार. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना खुर्चीतही बसवेना. त्यांनी डोळे मिटून घेतले. शकीलभाईंनी ते बघितलं. मग उठले, एक गादी सोडली, खाली ताडपत्री घातली आणि अम्मीला तिच्यावर निजवलं. अम्मी नको नको म्हणत होत्या, आणि म्हणता म्हणताच झोपल्या.

पूर ओसरल्यावर मुलीचा बाप टेम्पो घेऊन आला. शकीलभाईंनी त्याला चहासुद्धा पिऊ दिला नाही, आधी सगळं सांगून टाकलं. ही गादी वापरलीय, माझी आई झोपली हिच्यावर, मी कापूस पुन्हा पिंजून नवीन खोळ घालून देतो, पैसे नकोत. मान खाली घालून बोलत होते.

त्या माणसानं गादीवरनं हात फिरवला. मग विचारलं, "म्हातारीच्या पाठीला आराम पडला का?"

"पडला."

"मग गादी पास म्हणायची. ती आमच्या पोरीला. दुसरी जावयाला."

*

जनाक्कांच्या घरी माणसं दोनच. अक्का आणि त्यांची सून पूजा. मुलगा सैन्यात, तिकडं वर बर्फात. पूजा आटपाडीकडची, लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. सासवा-सुनांचं काहीतरी बिनसलेलं. काय ते दोघींपैकी कुणीच सांगितलं नाही, पण एका घरात राहून दोघी महिनाभर एकमेकींशी बोलत नव्हत्या. काही सांगायचं असलं तर अक्का मांजराला सांगायच्या आणि पूजा ऐकायची.

एकवीसला परत पाणी आलं. अक्कांनी मांजराला सांगितलं, की महत्त्वाचं तेवढं वर न्यायला पाहिजे. आणि त्या गॅस सिलिंडर खिडकीच्या गजाला बांधायला लागल्या, कारण मोकळा ठेवला तर तो तरंगत जातो.

मी जिन्यात उभी होते. खालनं पूजा येताना दिसली. कमरेवर पाटा. दगडाचा, चांगला जाडजूड. एकेक पायरी थांबत थांबत चढत होती, तोंड लालभडक झालेलं. मागं लोक टीव्ही घेऊन, कपड्यांची गाठोडी घेऊन तिष्ठत उभे. कुणीतरी हसलं. मलाही राहवेना. म्हटलं, अगं पूजा, पुराच्या पाण्यानं दगडाला काय होणार आहे?

ती पाटा खाली टेकवून दम खात म्हणाली, "दगडाला कशाला काय हुतंय काकू. पण आत्या दुसऱ्याच्या पाट्यावर वाटत न्हाईत, आन मिक्सरची चटणी त्यास्नी चालत न्हाई. हितं किती दिस ऱ्हावं लागतंय कुणाला ठावं. मग जेवतील कशासंगं?"

आणि पाटा उचलून वर गेली. तिच्या मागं दोन पायऱ्यांवर, हातात वरवंटा घेतलेल्या जनाक्का उभ्या होत्या. सगळं ऐकलेलं. त्याही मागोमाग वर चढल्या.

संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात, जिथं मी कुणाला काही ठेवू देत नाही, तिथं पाटा मांडला गेला. अक्कांनी शेंगदाणे, लसूण, लाल मिरची घेऊन चटणी वाटली. पंगत बसली होती. अक्का चटणीची वाटी घेऊन उठल्या, सगळ्यांना ओलांडून कडेला बसलेल्या पूजापाशी गेल्या आणि पहिल्यांदा तिच्या भाकरीवर वाढली.

"तिखट झालीया का बघ," म्हणाल्या.

तिखट झाली होती. पूजाच्या डोळ्यांना पाणी आलं ते त्यामुळंच असणार.

*

अक्कांचीच अजून एक छोटी.

त्यांच्या गेलेल्या मालकांचा फोटो त्यांनी साडीत गुंडाळून बेदाण्याच्या बॉक्समध्ये ठेवला होता. आमच्या ह्यांनी आणलेले बॉक्स रिकामे असतात, पण झाडून पुसून कोण ठेवतंय. कोपऱ्यात दोन-चार दाणे चिकटलेले असतातच. त्यात दमट हवा.

पूर गेल्यावर आमच्या हॉलमध्ये अक्कांनी बॉक्स उघडून फोटो बाहेर काढला. काचेवर, बरोबर मालकांच्या ओठांपाशी, एक पिवळाधमक बेदाणा चिकटलेला. आमचे हे कानकोंडे झाले. खिशातला रुमाल काढून पुसायला पुढं झाले.

अक्कांनी हात आडवा धरला. "ऱ्हाऊ द्या," म्हणाल्या. "शुगर निघाल्यापास्नं मी एक दाणा तोंडात पडू दिला न्हवता."

फोटो तसाच घरी घेऊन गेल्या.

*

देसाईभाऊंची काळजी फ्रिजवर भागली असती तर ते देसाईभाऊ कसले. एकवीसच्या पावसाळ्याआधी ते ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश घेऊन बसले आणि घरातल्या प्रत्येक वस्तूवर नाव घालत सुटले. बादली, टब, खुर्च्या, सिलिंडर, शिडी. सगळ्यांवर 'देसाई, सांगली' आणि खाली मोबाइल नंबर. गल्लीत सगळे हसायचे. आमचे हे म्हणाले, की भाऊ, तुमच्या पाठीवर कोण घालणार? देसाईभाऊंनी ब्रश ह्यांच्यापुढं धरला, की घाला.

त्यांच्या न्हाणीवर एक काळी प्लास्टिकची टाकी होती. तिच्यावरही नाव घातलं, पण ती भरून ठेवायचं राहिलं. भरलेली टाकी जागची हलत नाही, रिकामी होडीसारखी निघते, हे आम्हाला तेव्हा कळलं. आमच्या गॅलरीत उभं राहून सगळ्या गल्लीनं देसाईंची टाकी कोपऱ्यावरनं वळून जाताना बघितली.

पाणी उतरल्यावर देसाईभाऊंना एक फोन आला. मिरजेच्या खालच्या अंगाला नदीकाठचं एक गाव, तिथला बाबासो नावाचा शेतकरी. म्हणाला, देसाई तुम्हीच का, तुमची टाकी आमच्या उसात आहे, चांगली आहे, सवडीनं न्या.

देसाईभाऊ टेम्पो करून गेले, सोबतीला आमचे हे. ह्यांनी येऊन सांगितलं ते असं. बाबासोचा सगळा ऊस आडवा झालेला, वर गाळाचा थर, आंबूस वास सुटलेला. रानातल्या घराचा निम्मा पत्रा उडालेला. आणि त्या सगळ्यात देसाईंची टाकी स्वच्छ धुऊन, बांधावर उपडी घालून ठेवलेली. बाबासोच्या बायकोनं दोघांना बसवून घेतलं, भाकरी-आमटी वाढली. देसाईभाऊंना वाटलं, एवढ्या उसाचं वाटोळं झालेलं आणि आपण टाकी न्यायला आलोय. ते तसं म्हणालेसुद्धा.

बाबासो म्हणाला, "ऊस गेला तो गेलाच की. पर येवढं समदं व्हावत आलं, गाद्या काय, भांडी काय, कुणाचं काय कळायला मार्ग न्हाई. येक तरी वस्तू आपल्या मालकाचं नाव सांगत आली. लय बरं वाटलं गड्या."

बाबासोची स्वतःची टाकी वाहून गेली होती. देसाईभाऊ जेवून उठले, टेम्पोवाल्याला म्हणाले, चल, टाकी इथंच राहू दे.

ती अजून तिथं आहे. नाव आणि नंबर पक्क्या ऑइलपेंटमध्ये, तो जातोय कुठं. त्या वाटेनं जाणारं कुणीही अजून देसाईभाऊंना फोन करतं, की ओ देसाई, तुमची टाकी भरून व्हावायला लागलीया, मोटर बंद करा. मग देसाईभाऊ सांगलीतनं बाबासोला फोन लावतात.

*

आता ही शेवटची.

सुभेदारमामा मूळचे कोरेगाव तालुक्यातले. सैन्यातनं निवृत्त झाल्यावर कमलकाकूंचं माहेर जवळ म्हणून सांगलीत घर घेतलं. एकोणीसला ते नुकतेच गल्लीत आलेले, फारशी कुणाची ओळख नव्हती. पुरात ते काकूंना घेऊन शाळेतल्या छावणीत राहिले. काकूंना तेव्हापासूनच विसरायला होत होतं. छावणीतले दिवस कसे गेले ते मामांनी कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले होते, की ती सारखी घरी चला म्हणायची, आणि मी कुठलं घर दाखवणार.

त्यानंतर एका उन्हाळ्यात मामा आमच्याकडं आले. हातात मोजायची टेप. खुर्चीत ताठ बसून म्हणाले, की पुन्हा पाणी आलं तर तुमची मागची खोली आम्हाला मिळेल का? म्हटलं, मामा, हे काय विचारणं झालं. तर म्हणाले, मग आजच बघून ठेवतो.

त्यांनी खोली मोजली. त्यांच्या घरातली काकूंची खोली आणि आमची मागची खोली साधारण सारखीच निघाली, खिडकी तेवढी थोडी सरकलेली. मामांनी कॉट कुठं यायची ते ठरवलं. माझी परवानगी घेऊन भिंतीत दोन खिळे ठोकले. एकावर कॅलेंडर लावलं, त्यांच्या घरात होतं तेच, त्याच महिन्याच्या पानावर उघडलेलं. दुसऱ्यावर गोल घड्याळ. हिरव्या चौकड्यांची एक चादर आणून ठेवली. तशीच चादर काकूंच्या कॉटवर होती.

आणि मग दर रविवारी दुपारी ते काकूंना घेऊन वर यायला लागले.

पहिल्यांदा काकू उंबऱ्याच्या आत यायलाच तयार नव्हत्या. मामांची बाही घट्ट धरून विचारायच्या, कुणाचं घर आहे हे. मामा म्हणायचे, ओळखीचं आहे. मग दोघं जिना उतरून जायची. पुढच्या रविवारी परत तेच. मी चहा टाकून ठेवायचे, तो बहुतेक वेळा मीच प्यायचे. कधीतरी त्या दारापर्यंत आल्या. कधीतरी आत येऊन कॅलेंडरपाशी उभ्या राहिल्या. एकदा खुर्चीवर टेकल्या, पण लगेच उठल्या, की चला, ती माणसं येतील. मामांनी कधी जबरदस्ती केली नाही. महिना उलटला की येऊन कॅलेंडरचं पान मात्र बदलून जायचे. पावसाळा आला की आम्ही सारखे आयर्विनचं पाणी विचारत बसायचो, आणि मामा आपले रविवारच्या रविवारी काकूंचा हात धरून जिना चढताना दिसायचे.

मग एकवीसला परत पाणी आलं. गल्लीची नेहमीची धावाधाव सुरू झाली. मामांनी वर आणलं ते सगळं काकूंचं. कॉट, पानाचा डबा, फणीपेटी, खिडकीतली तुळशीची कुंडी, एक स्टोव्ह, किटली, दोन कप. सगळं ज्या त्या जागी मांडलं, मागं सरकून बघितलं, कुंडी जरा डावीकडं घेतली. मी म्हटलं, मामा, तुमची ट्रंक खालीच आहे, ह्यांना पाठवू का? तिच्यात त्यांचा युनिफॉर्म आणि मेडल होती. ते म्हणाले, राहू दे, तिला ट्रंक लक्षात नाही.

गल्लीत पाणी घोट्याएवढं झालं तेव्हा ते काकूंना घेऊन आले. काकूंचे पाय ओले, पदर ओला. जिन्यात माणसांची गर्दी, आरडाओरडा, त्यानं त्या बावरलेल्या. मामांचा हात त्यांनी दोन्ही हातांनी धरलेला. मी हॉलमधलं सामान बाजूला करत त्यांना मागच्या खोलीपर्यंत वाट करून दिली आणि दाराशी थांबले.

काकू आत गेल्या. कॅलेंडर बघितलं. घड्याळ बघितलं. कॉटवरची हिरवी चादर हातानं सारखी केली आणि तिच्यावर बसल्या. पदर आवरला. सगळं अंग सैल सोडून एक श्वास घेतला. मग त्यांचं लक्ष दाराकडं गेलं. माझ्याच घराच्या दारात मी तशीच उभी, हात ओले, केस विस्कटलेले.

"आगं, दारात का उभी?" काकू म्हणाल्या. "ये की आत. भायेर लय पाणी हाय. आमचं घर उंचावर हाय, हितं काय न्हाई येत. बस. च्या टाकते."

मी मामांकडं बघितलं. ते पाठ करून कॅलेंडरपुढं उभे होते.

मी आत गेले आणि काकूंच्या शेजारी बसले.

"टाका काकू," म्हटलं. "पण अर्धाच कप."